दोन ब्रास माती, त्यात निम्मी राख

नागपूरच्या बेसा भागात घर बांधून तीन वर्षं झाली. मागच्या अंगणात भाजीसाठी उंच वाफे हवेत असं बायकोनं ठरवलं, कारण आमच्या प्लॉटवरची काळी माती म्हणजे पावसात नुसता चिखल आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा. गवंड्यानं राखेच्या विटांचे तीन वाफे बांधून दिले. प्रत्येक वाफा दहा फूट लांब, तीन फूट रुंद, दीड फूट खोल. एकाला ४५ घनफूट, तिन्हींना १३५. ब्रास म्हणजे १०० घनफूट. दोन ब्रास मागवले की माती बसल्यावर वरून घालायलाही उरेल, असा हिशेब केला. हिशेब बरोबर होता, माणूस चुकीचा निघाला.

मातीवाल्याचा नंबर ओळखीतूनच मिळाला होता. घमेल्यात नमुना घेऊन घरी आला. भुसभुशीत, पहिल्या सरीसारखा वास. "निम्मी माती, तीस टक्के कुजलेलं शेणखत, बाकी रेती अन् नारळाचा भुसा. माल पाहून घ्या भाऊ, मंग पैसे द्या." ब्रासची एक अशा दोन ट्रॉल्यांचे नऊ हजार आणि गांडूळ खताच्या दहा पोत्यांचे पाच हजार ठरले. निम्मे तिथेच फोनवरून पाठवले. पावती मागायचं सुचलं नाही. वास घेऊन झाल्यावर कुणाला सुचतं?

माल सकाळी येणार होता, आला रात्री साडेआठला. अंगणात एकच बल्ब. ड्रायव्हर म्हणाला, "काका, आणखी एक खेप आहे, लवकर करा." ट्रॉली उलटली, मी ढिगाच्या वरची मूठभर माती चोळून पाहिली, अगदी नमुन्यासारखी. उरलेले पैसे दिले. वरचा वीतभर थर तेवढा चांगला होता, हे मला पुढे तीन आठवड्यांनी कळलं.

दुसऱ्या दिवशी मजुरांनी वाफे भरले. तिन्ही काठोकाठ भरले आणि अंगणात घमेलंभरही उरलं नाही. ६५ घनफूट उरायला हवी होती. मातीवाल्याला फोन केला तर हसला, "माती दबते न भाऊ!" मलाही पटलं. आता लाज वाटते. माती दबते ती पाणी पडल्यावर. ट्रॉलीतून ओतलेली माती उलट फुगलेली असते. पुढे शेजाऱ्यांकडे रेतीची तशीच ट्रॉली आली, तेव्हा मी टेप घेऊन गेलो: आतून नऊ फूट, पाच फूट, दीड फूट. साडेसदुसष्ट घनफूट. अशा दोन ट्रॉल्या म्हणजे बरोबर १३५.

जूनमध्ये भेंडी, गवार, चवळी लावली. दोन पाऊस झाले आणि वाफ्यांवर करडी पापडी धरली, बोटानं टोकरली तर तुकडे निघत. चवळीची चार रोपं उगवली, भेंडी नाहीच. नेमका तेव्हा गवंडी गच्चीची गळती पाहायला आला होता. त्यानं चिमूट घेऊन चोळली. "काका, हा तर आमच्या विटेचा माल होय."

कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांमुळे नागपूरकराला राख नवी नाही, तरी मला ती मातीत ओळखता आली नाही. गवंड्यानं बादलीत पाणी घेऊन मूठभर माल टाकला. खाली गाळ बसला आणि वर पांढुरकी साय तरंगत राहिली. राखेतले पोकळ कण पाण्यावर तरंगतात, म्हणाला. थोडी राख मातीत चालते, पण इतकी असली की पाऊस पडून सुकल्यावर ती घट्ट बसते आणि कोंब वर येत नाही. गांडूळ खताची पोतीही फोडली. चहापत्तीसारखं रवाळ हवं होतं, निघालं ओलं शेण आणि काळी धूळ. त्यात हुमणीच्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

गंमत म्हणजे देशाच्या मृदा सर्वेक्षणाचं मुख्यालय आमच्याच शहरात, अमरावती रोडवर आहे. त्या शहरात राहून मी मातीत फसलो.

फोन उचलणं मातीवाल्यानं बंद केलं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करावी म्हटलं, पण हातात कागद काय? एक यूपीआय नोंद, तीही कुणा तिसऱ्याच्याच नावावर.

शेवटी वाफे अर्ध्याहून अधिक उपसले. सावनेरकडच्या साडूंच्या शेतातून वाळलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची धसकटं, आणल्या, त्या तळाशी घातल्या, वर पालापाचोळा, त्यावर त्यांच्याच शेतातली माती आणि वर्षभर कुजलेलं शेणखत. पऱ्हाट्या तळाशीच ठेवायच्या, वरच्या मातीत मिसळायच्या नाहीत, नाहीतर कुजताना त्या पिकाचं नत्र ओढतात, हे साडूंनी तीनदा बजावलं. खताची परीक्षाही त्यांनीच शिकवली: ओलं खत पिशवीत बांधून रात्रभर ठेवायचं, सकाळी नाकाला झोंबलं तर ते अजून कच्चं आहे. आता ट्रॉली आली की आधी तिच्या आत टेप लावतो, मग फावड्यानं मधोमध खड्डा करून तळाची माती बादलीत टाकून बघतो, तेही दिवसाउजेडी. ड्रायव्हर वैतागतात.

वाफे पहिल्यांदा भरले त्या दिवशी खुशीत मी मातीवाल्याला फोटो पाठवला होता. परवा भाच्याच्या मोबाइलवर त्याचं स्टेटस दिसलं: 'शुद्ध सेंद्रिय माती, ब्रासच्या भावात.' खाली तीन काठोकाठ वाफे, आणि कडेला पडलेला हिरवा पाइप आमचाच.