सध्या काय वाचताय, हे सांगायचं कुठे? वही, ग्रुप, गुडरीड्स की स्टोरीग्राफ

एकाच कादंबरीबद्दल मला दोन शिफारशी आल्या होत्या. पहिली ग्रुपवर: "अप्रतिम! चुकवूच नका!!" आणि खाली सात अंगठे. दुसरी आठवडाभराने एका मैत्रिणीची: "पहिली साठ पानं नुसती माणसं येत राहतात, कोण कुणाचं ते कळत नाही. मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं वंशावळ काढत जा. तुला भावंडांची भांडणं वाचायला आवडतात म्हणून सांगतेय, नाहीतर सांगितलं नसतं." पहिल्या शिफारशीवर मी पुस्तक आणलं आणि चाळिसाव्या पानावर मिटून ठेवलं. दुसरीवर पुन्हा उघडलं आणि संपवलं. ती वंशावळ अजून त्या पुस्तकात आहे, दोन ठिकाणी खोडलेली.

"आपण काय वाचतोय ते कुठे नोंदवायचं आणि इतरांचं कुठे बघायचं?" असं कुणी विचारलं की मला या दोन निरोपांची आठवण होते. पुस्तक तेच. फरक एवढाच की दुसरीला मी माहीत होते आणि मला ती. पुढच्या प्रत्येक पर्यायाकडे मी याच नजरेनं बघितलंय: सांगणारा कोण आहे हे तिथे किती कळतं?

वहीपासून सुरू करते, कारण माझा कल तिकडे आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. वाचलेल्याची यादी ठेवणं जुनंच आहे. चार्ल्स डार्विननं १८३८ ते १८६० अशी बावीस वर्षं वाचनाच्या वह्या ठेवल्या, त्यात वाचायच्या पुस्तकांची यादी वेगळी आणि वाचून झालेल्यांची वेगळी. गायक आर्ट गारफंकल १९६८ पासून वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद ठेवत आलाय. माझ्या वहीत तारीख, नाव, लेखक आणि एका ओळीचा शेरा असतो. पण सगळ्यात कामाचा निघाला तो नंतर सुचलेला रकाना: "कोणी सांगितलं?" एक नोंद जशीच्या तशी देते: "१२ मार्च. धाकट्या काकांनी सांगितलं. पान ९० पर्यंत ओढलं, मग सुसाट. शेवट घाईत उरकलाय." तीन वर्षांनी तो रकाना वरून खाली वाचला तेव्हा लक्षात आलं, काकांनी सांगितलेली अकरापैकी नऊ पुस्तकं मी संपवली होती. आणि ज्यांच्या वाचनाचा मला फार आदर वाटतो अशा एका माणसाची सहापैकी एक. आदर आणि आवड वेगवेगळ्या घरात राहतात, हे मला कुठल्याही ॲपनं सांगितलं नव्हतं.

वहीचे तोटे उघड आहेत. शोधता येत नाही, दुसऱ्याला दिसत नाही, हरवली की गेली. शोधण्यावर जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानं उपाय काढला होता आणि १६८६ मध्ये तो छापलाही: प्रत्येक विषयाच्या शब्दाचं पहिलं अक्षर आणि त्यानंतर येणारा पहिला स्वर यांच्यावरून अनुक्रमणिका करायची. मी महिनाभर करून बघितलं. लॉककडे वेळ बराच असावा.

आता गुडरीड्स, म्हणजे वाचलेल्या पुस्तकांची यादी ठेवायची, त्यांना एक ते पाच तारे द्यायची आणि अभिप्राय लिहायची साइट. २००७ साली सुरू झाली, २०१३ मध्ये ॲमेझॉननं घेतली. पुस्तकांच्या बाबतीत एवढी गर्दी दुसरीकडे नाही, आणि त्याचा फायदा खरा आहे. थोडंफार गाजलेलं कुठलंही पुस्तक घ्या, त्यावर कुणीतरी काहीतरी लिहिलेलं सापडतंच. अडचण ताऱ्यांची आहे. तिथे अर्धा तारा देता येत नाही, आणि ताऱ्यांचे अर्थ साइटनं ठरवलेले आहेत: दोन म्हणजे "ठीक होतं", तीन म्हणजे "आवडलं". बहुतेकांना हे माहीतच नसतं. शाळेतल्या मार्कांची सवय असलेला माणूस तीन तारे म्हणजे कसाबसा पास समजतो. एकाचं "आवडलं" आणि दुसऱ्याचं "जेमतेम" यांची सरासरी काढून ३.७ मिळाले, तर त्या आकड्याचं करायचं काय?

यावर एक फार बोलका अभ्यास आहे. बालाझ कोवाक्स आणि अमांडा शार्की या दोघांनी गुडरीड्सवरचे ३८ हजारांहून जास्त अभिप्राय तपासून तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. मोठे पुरस्कार मिळालेली पुस्तकं आणि अंतिम यादीपर्यंत जाऊन हुकलेली पुस्तकं अशी तुलना होती. पुरस्कार जाहीर झाल्यावर विजेत्या पुस्तकांचं रेटिंग हुकलेल्यांपेक्षा जास्त घसरलं. पुस्तक तर तेच होतं! एक कारण असं निघालं की पुरस्कार ऐकून ज्यांचा तो पिंडच नाही असेही वाचक आले, आणि त्यांचा अपेक्षाभंग झाला. म्हणजे सरासरी रेटिंग हे पुस्तकाइतकंच, त्या पुस्तकाकडे कोण फिरकलं याचंही मोजमाप असतं.

शिवाय न वाचताही तारे देता येतात. जून २०२३ मध्ये एका अमेरिकन लेखिकेची रशियात घडणारी कादंबरी नुसती जाहीर झाली होती, यायला अवकाश होता. युक्रेनवरच्या हल्ल्याच्या काळात रशियातली गोष्ट नको, म्हणून तिथे एकेका ताऱ्याचा पाऊस पडला, आणि लेखिकेनं प्रकाशन थांबवलं. तिचं बरोबर की लोकांचं, हा वाद वेगळा. त्या ताऱ्यांमागे एकही वाचलेलं पान नव्हतं, एवढं मात्र नक्की.

तरी मी गुडरीड्स सोडलेलं नाही. मी वापरते ते असं: सरासरीकडे बघत नाही, थेट तीन तारेवाल्यांचे अभिप्राय उघडते. पाचवाले प्रेमात असतात, एकवाले रागात. तीनवाला बिचारा बसून लिहितो की पात्रं जिवंत आहेत पण मधली शंभर पानं कापता आली असती. आणि वर्षात किती पुस्तकं वाचणार तो आकडा आधी जाहीर करायचं तिथलं वार्षिक आव्हान मी बंद केलं. एका डिसेंबरात आकडा गाठायला मी लागोपाठ चार बारकी पुस्तकं उचलली, जाडी बघून. त्यातल्या दोघांची नावं आज आठवत नाहीत.

स्टोरीग्राफ हे नादिया ओडुनायो या प्रोग्रॅमर बाईंनी २०१९ मध्ये लोकांसाठी खुलं केलेलं ॲप. गुडरीड्सशेजारी ठेवलं की पहिला फरक प्रश्नांत दिसतो. गुडरीड्स विचारतं, किती तारे? स्टोरीग्राफ तेही विचारतं, पाव ताऱ्यापर्यंत, पण सोबत विचारतं की मूड कसा आहे, गती संथ की वेगवान, पुस्तक कथानकावर चालतं की पात्रांवर. "३.७" पेक्षा "उदास, संथ, पात्रांवर चालणारं" हे मला कितीतरी जास्त सांगतं. थकून घरी आल्यावर काय उघडायचं नाही, ते तरी कळतं. हिंसा, आत्महत्या, मुलांवरचे अत्याचार अशा गोष्टी पुस्तकात कितपत आहेत याच्या सूचनाही वाचकच नोंदवतात, तीव्र, मध्यम आणि किरकोळ अशा पायऱ्यांनी. काहींना हे नाजूकपणाचं वाटतं. नुकतंच घरात कुणी गेलेल्या माणसाला मी पुस्तक सुचवते तेव्हा मला नाही वाटत.

अर्धवट सोडलेल्यांची वेगळी नोंद तिथे करता येते, आणि ती मला पुरं केलेल्यांइतकीच मोलाची वाटते. नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल बाईंचा नियम आहे: पन्नास पानं वाचा, नाही रमलात तर खुशाल ठेवून द्या. वय पन्नाशीच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं. म्हणजे साठीच्या माणसाला चाळीस पानं पुरे. कुठल्या पानावर आणि का सोडलं, हे सांगणारा वाचक मला शंभर "अप्रतिम"वाल्यांपेक्षा जवळचा.

दोघातिघांनी मिळून एकच पुस्तक वाचायचं असेल तर स्टोरीग्राफची एक सोय भारी आहे: पान २१० वर लिहिलेली टिप्पणी दुसऱ्याला तो त्या पानावर पोहोचेपर्यंत दिसत नाही. स्पॉयलरचं भांडणच मिटलं. उणीव अशी की माणसं कमी. ज्या पुस्तकाला एकूण चारच वाचकांनी मूड दिलाय तिथे तो सुबक तक्ता चारच माणसांचा असतो, हे विसरू नये. इंग्रजीबाहेरच्या भाषांत वाचणाऱ्यांना हे दोन्हीकडे जाणवतं. एकाच पुस्तकाच्या दोन-दोन नोंदी निघतात, एक त्याच्या लिपीत, एक रोमन लिपीत वाटेल त्या स्पेलिंगनं, आणि अभिप्राय दोघींत वाटले जातात.

ज्यांच्याकडे पुस्तकांची कपाटंच्या कपाटं आहेत आणि काय कुठे आहे हेच सापडत नाही, त्यांनी आपल्या पुस्तकांची सूची करायचं लायब्ररीथिंग हे संकेतस्थळ बघावं. २००५ पासूनचं आहे, पूर्वी फुकट खात्याला दोनशे पुस्तकांची मर्यादा होती, ती २०२० मध्ये गेली. पुस्तकाची माहिती ते मोठमोठ्या ग्रंथालयांच्या सूचींमधून उचलतं. गप्पांसाठी कुणी तिथे जावं असं मी म्हणणार नाही.

छोट्या व्हिडिओंबद्दल थोडक्यात. २०२० नंतर टिकटॉकवरच्या वाचकांनी दहा-दहा वर्षं जुन्या कादंबऱ्या पुन्हा खपाच्या यादीत नेऊन बसवल्या, तेव्हा त्यांची ताकद नाकारण्यात अर्थ नाही. पण तिथे बहुतेक वेळा पुस्तक संपल्यावरचं रडू दिसतं. का आलं, ते क्वचित.

मग उरतो ग्रुप. सगळ्यांच्या हाताशी असलेला आणि सगळ्यात लवकर नासणारा. पहिले दोन महिने छान जातात. मग कुणीतरी वाढदिवसाच्या शुभेच्छा देतं, त्याखाली चाळीस केक येतात, आणि चांगली शिफारस त्या केकांखाली गाडली जाते. कुणी स्वतःच्याच पुस्तकाची लिंक दर आठवड्याला टाकतं, आणि त्याला गप्प बस म्हणायचा वाईटपणा कुणी घेत नाही. दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये "सध्या काय वाचताय?" विचारलं की पुस्तकांच्या नावांची रांग लागते, मुखपृष्ठांचे फोटो पडतात, संभाषण होत नाही. मी ज्या ग्रुपमध्ये टिकून आहे त्यात आम्ही सात जण आहोत आणि नियम एकच: नुसतं नाव टाकायचं नाही. पान कितवं, आणि तिथे काय चाललंय ते दोन ओळींत. "पान ११२. बाप घर विकायला निघालाय आणि मी अजून त्याच्याच बाजूनं आहे, हे कसं?" अशा निरोपावर उत्तर येतंच. संपलेल्या पुस्तकावर लोक निकाल देतात, हातातल्या पुस्तकावर बोलतात.

प्रत्यक्ष भेटून बसणाऱ्यांचे दोन प्रकार असतात आणि ते आधी नीट ठरवून घ्यावेत. एक, सगळ्यांनी तेच पुस्तक वाचून यायचं. १९९८ मध्ये सिएटलच्या ग्रंथालयानं पर्लबाईंच्याच पुढाकारानं अख्ख्या शहराला एक पुस्तक वाचायला दिलं, आणि ती कल्पना पुढे बऱ्याच शहरांनी उचलली. यात वाद रंगतात. पण महिन्याला एक म्हटलं तरी वर्षाला बारा पुस्तकं, त्यातली निम्मी दुसऱ्यांनी निवडलेली, आणि दरवेळी दोघंतिघं "यावेळी जमलं नाही हो" म्हणत येणार. दुसरा प्रकार, ज्यानं त्यानं आपापलं पुस्तक घेऊन यायचं. यात खोल चर्चा होत नाही, पण पुढचं पुस्तक हमखास मिळतं आणि अभ्यासाचं ओझं नसतं. मला दुसरा मानवतो.

तिथे बोलताना पर्लबाईंचीच आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. त्या म्हणतात, पुस्तकात शिरायला चार दारं असतात: गोष्ट, पात्रं, परिसर आणि भाषा. मी सुचवणाऱ्याला विचारते, तू कुठल्या दारानं शिरलीस? भाषेच्या दारानं शिरलेलीनं गोष्टवेड्याला पुस्तक दिलं की तो विसाव्या पानावर विचारणार, "अहो, पण घडतं कधी?"

तर निवडायचं कसं? वाचलेलं विसरायला होतं ही तक्रार असेल तर वही, आणि "कोणी सांगितलं" हा रकाना पहिल्या दिवसापासून आखा. पुढचं पुस्तक सापडत नाही, ओळखीत वाचणारं कुणी नाही, तर स्टोरीग्राफ. त्यावर मित्र मिळाले नाहीत तरी चालतं. एखादं विशिष्ट पुस्तक घ्यावं की नाही एवढंच ठरवायचं असेल तर गुडरीड्सचे तीन तारेवाले. बोलायला माणूस हवा असेल तर ॲप डाउनलोड करू नका, पाच-सात जण जमवा. सगळीकडे एकदम खातं उघडलंत तर महिनाभरात वाचण्यापेक्षा नोंदी करण्यात जास्त वेळ जाईल. मी हे करून बसलेय.

ॲप कुठलंही घ्या, दर सहा महिन्यांनी आपली यादी फाइल करून उतरवून ठेवा. शेल्फारी नावाची अशीच एक साइट होती. २००८ मध्ये ॲमेझॉननं घेतली आणि २०१६ मध्ये बंद करून गुडरीड्समध्ये मिसळून टाकली. गुडरीड्सवरून यादी उतरवता येते आणि तीच फाइल स्टोरीग्राफ वाचून घेतं. नेल्यावर आधी "वाचून झालं"च्या तारखा तपासा. मूळ नोंदीतच तारीख नसेल तर ती इकडेही कोरीच येते, आणि मग अमुक पुस्तक कुठल्या साली वाचलं हे आठवत बसावं लागतं. माझी अशी तीसेक आहेत. त्यातली बरीच वहीत सापडली.