सरकारी पैसे फोनवरून: वर्षभर वापरल्यावर

घरातले सरकारशी होणारे पैशांचे सगळे व्यवहार गेलं वर्षभर मी फोनवरून बघतोय. आईच्या नावावरच्या शेतीचे हप्ते आणि अनुदान, घरपट्टी, सातबारा, एका दस्ताचं मुद्रांक शुल्क, काकांचा हयातीचा दाखला. माझं मत आधीच सांगतो. पैसे सरकतात झटकन, पण कार्यालयाच्या दप्तरी त्यांची नोंद कुठे झाली हे तुम्हालाच शोधावं लागतं. ते जमलं तर ही सोय फार चांगली आहे.

पैसे घ्यायच्या बाजूने सुरुवात करतो, कारण जास्त डोकं तिथेच लागलं. पीएम किसानचे वर्षाला ६००० रुपये, २००० च्या तीन हप्त्यांत, वेळच्या वेळी आले. ठिबकचं अनुदान मात्र कागदोपत्री ‘वर्ग’ झालं आणि आईच्या नेहमीच्या खात्यात दमडी नाही. एकाने बँकेत जा म्हटलं, बँकेने सेतू केंद्रात, तिथून पुन्हा कृषी कार्यालयात. उत्तर मिळालं ते यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेच्या साइटवर. आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’, म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते पाहिलं, तर तिथे भलत्याच बँकेचं नाव! बचत गटाच्या कामासाठी कधीतरी अंगठा घेऊन उघडलेलं ते खातं. त्यावर जुना मोबाइल नंबर, म्हणून मेसेजही नाही. पैसे तिथे सुखरूप पडून होते.

आधारवर आधारित अनुदान खाते क्रमांक बघून येत नाही, आधार बघून येतं. एनपीसीआय ही बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था, तिच्या मॅपरमध्ये, म्हणजे आधार-बँक जोडणीच्या यादीत, एका आधारपुढे एकच बँक असते, आणि शेवटचं सीडिंग जिथे झालं ती बँक. अर्जाला तुम्ही कुठलंही पासबुक जोडा, त्याने फरक पडत नाही. केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिलेली असली तरी डीबीटीसाठी, म्हणजे अनुदान थेट खात्यात येण्यासाठी, संमतीचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. काउंटरवर ‘लिंक आहे की’ म्हणून वाटेला लावतात, तेव्हा स्टेटसचा स्क्रीनशॉट पुढे करायचा, मग चक्रं हलतात. शिवाय त्या पानावर फक्त बँकेचं नाव दिसतं. शाखा नाही, खाते क्रमांक नाही. चार बँकांत खाती असलेल्या माणसाने काय करावं?

गावात पैसे काढायचे तर बँकमित्राचं, म्हणजे बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीचं, बोटाच्या ठशावर चालणारं मशीन. शेतात राबून आईच्या बोटांचे ठसे झिजलेत. ‘मावशी, हात पुसून घ्या, आता दुसरं बोट ठेवा’ असं करत करत कधी अनामिकेवर जमतं, कधी नाहीच. व्यवहार फेल दाखवला तरी खात्यातून रक्कम वजा झाली नाही ना, हे बघून घ्यायचं. मशीनमधून निघणारी चिठ्ठी मागून घ्यायची, ‘कागद संपलाय’ चालवून घ्यायचं नाही.

एवढं असूनही जुन्या पद्धतीकडे मी जाणार नाही. चेक आला का, साहेब जागेवर आहेत का, सही राहिली का, हे सगळं संपलं. अनुदान जेवढं मंजूर तेवढंच आलं, मधे कोणी कात्री लावली नाही.

आता भरायची बाजू. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डवर जानेवारी २०२० पासून एमडीआर (पैसे घेणाऱ्याला व्यवहारामागे पडणारं शुल्क) शून्य आहे, त्यामुळे वरचा भुर्दंड नाही. क्रेडिट कार्ड वापरलं तर बहुतेक ठिकाणी जादा शुल्क लागतं, तेव्हा आधी बघून घ्या. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो, ही तर मला सगळ्यात आवडलेली सोय.

पण फोनवरची हिरवी खूण म्हणजे पावती नव्हे. मार्चअखेरीला घरपट्टी भरली, खात्यातून रक्कम गेली आणि पोर्टल फिरत बसलं. लिपिक म्हणाले, ‘तुमच्याकडून गेले असतील, आमच्याकडे दिसत नाहीत.’ वैताग आला, पण त्यांच्या स्क्रीनवर खरोखरच दिसत नव्हतं, त्यांचा तरी काय दोष? दुसऱ्या दिवशी पावती निघाली. अशा वेळी घाईने पुन्हा भरू नका. यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक टिपून ठेवा. पैसे कापले आणि समोर पोचल्याचं नक्की झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. हे वाक्य बँकेच्या तक्रारीत लिहिलं की उत्तर जरा लवकर येतं.

मुद्रांक शुल्क ग्रास या राज्य सरकारच्या भरणा पोर्टलवर भरलं. तिथे जीआरएन, म्हणजे चलनाचा सरकारी क्रमांक, हाच सगळ्यात महत्त्वाचा, तो मी वहीतही लिहून ठेवला. दुय्यम निबंधक कार्यालयात चलन डीफेस झालं, म्हणजे त्यावर वापराची नोंद पडली, की ते वापरलं गेलं, दुसऱ्या दस्ताला चालत नाही. भरण्याआधी कार्यालय, पक्षकाराचं नाव आणि रक्कम पुन्हा वाचा. इथे चूक झाली तर परताव्याचा अर्ज करावा लागतो, आणि तो मात्र फोनच्या वेगाने चालत नाही.

काकांचा हयातीचा दाखला जीवन प्रमाण या पेन्शनरांसाठीच्या सरकारी सेवेवर फोनला चेहरा दाखवून केला. पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) क्रमांक हाताशी ठेवा, आणि म्हाताऱ्या माणसाला खिडकीकडे तोंड करून बसवा. उजेड मागून आला की ॲप चेहरा धरत नाही. पापणी मिचकवायला सांगतं तेव्हा चष्मा काढलेला बरा.

व्हॉट्सॲपवर ‘हप्ता अडकलाय, ही फाइल उघडा’ म्हणून एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या फसव्या फाइली येतात. आमच्या भावकीच्या ग्रुपवरही आली होती. मी ती उघडली नाही आणि आईच्या फोनमधून लगेच काढून टाकली. हप्त्याची चौकशी योजनेच्या पोर्टलवर, पैसे कुठे गेले याची यूआयडीएआयवर, एवढीच दोन ठिकाणं मी वापरतो.