मायटर बॉक्स: नऊ महिन्यांनंतर, आणि तो एक कोपरा

गेल्या आठवड्यात आजोबांच्या फोटोची फ्रेम पुसायला उतरवली आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात माझं नख शिरलं. फ्रेम मीच मे महिन्यात केलेली. तेव्हा त्या सांध्यात केससुद्धा जात नव्हता. डोकं फिरलं, म्हणून हे लिहायला बसलो.

नोव्हेंबरात हा पिवळा प्लॅस्टिकचा मायटर बॉक्स (लाकूड ठरलेल्या कोनात कापायला करवतीसाठी खाचा असलेला डबा) करवतीसकट 649 रुपयांना घेतला. फ्रेमवाल्याने 8 बाय 12 च्या एका फोटोचे 450 सांगितले होते आणि घरात असे सहा फोटो. हिशोब तुम्हीच करा.

करवत बरी आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण ती डावीकडची 45 अंशांची खाच! तिसऱ्या फ्रेमपासून पातं तिच्यात डुलायला लागलं. एका फ्रेमला आठ काप. प्रत्येक काप एकाच बाजूला अर्धा अंश चुकला तरी शेवटच्या कोपऱ्यावर चार अंश साचतात. तीन कोपरे घट्ट मिटतात आणि चौथा आ वासून बसतो. एप्रिलमध्ये कस्टमर केअरला फोन केला, तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितला. पाच महिने घासलेल्या खाचेचा पार्सलशी काय संबंध? त्याच रात्री एक स्टार देऊन मोकळा झालो.

पुढे लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची पट्टी खाचेत पात्याच्या बाजूला सारली आणि डुलणं थांबलं. दोन तुकडे कापून गुण्यात (काटकोन तपासायच्या हत्यारात) जोडून उजेडाकडे धरले, फट नाही. आजोबांची फ्रेम या पट्टीनंतरची, म्हणजे आता दोष कोणाला द्यायचा?

परवा वाडीतले मेस्त्री चहाला आले होते. त्यांच्यापुढे दोन फ्रेमी ठेवल्या. एक डिसेंबरातली, वखारीतून आणलेल्या फणसाची, हळदीसारखी पिवळी (आता तांबूस व्हायला लागलीय, छान दिसते). तिचे सांधे मार्चमध्ये आतल्या बाजूने उघडले होते. दुसरी आजोबांची, जुन्या खिडकीच्या सागवानाची, ती बाहेरच्या टोकाला उघडलेली. मेस्त्रींनी दोन्ही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "डब्याक कित्याक गाळी घालतंस? ह्या सुकला, ता फुगला."

झालं असं की लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. सुकून फ्रेमची पट्टी अरुंद झाली की 45 चा काप 45 चा राहत नाही आणि सांधा आतून उघडतो. आपल्याकडच्या पावसात फुगून रुंद झाली की बाहेरून. खाचेची चूक असती तर फेविकॉल लावतानाच दिसली असती, जुलैची वाट बघितली नसती. एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही, आणि मी कस्टमर केअरच्या त्या मुलीवर वीस मिनिटं ओरडलो.

तेव्हा एकाचे तीन स्टार करतोय. चार नाही, कारण पत्रिकेची पट्टी माझी, त्यांची नाही.

घेणारच असाल तर फ्रेमची लाकडी पट्टी दोन इंची घेऊ नका, इंचभराची घ्या. रुंदी कमी तेवढी फट कमी. वखारीचं ओलं लाकूड कापायची घाई नको, माझं आता स्वयंपाकघराच्या माळ्यावर पडून आहे. समोरासमोरच्या पट्ट्या एकत्र धरून लांबी तपासा. आणि काच थेट फोटोवर टेकवू नका, मध्ये माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घाला. आमच्या आत्याच्या लग्नाचा फोटो एका पावसाळ्यात काचेला असा चिकटला की सोडवताना तिचा शालू काचेवरच राहिला.

राहिलेल्या दोन फ्रेमी दिवाळीनंतर. आजोबांच्या कोपऱ्यात आत्ता भुसा-फेविकॉल भरत नाही, कोरडं झालं की तो सांधा परत मिटेल असं मेस्त्री म्हणाले. गणपतीत पाहुणे येतील तेव्हा हार जरा उजवीकडे ओढून घालणार आहे.