गिटार प्रोसेसर स्टेजवर: अ‍ॅम्पमधून वाजवावा की थेट मिक्सरला द्यावा?

घरी हेडफोनवर सुरेख वाटणारा टोन सोलापूरच्या होम मैदानावर किंवा मंगल कार्यालयात गेल्यावर मरतो कसा, हा प्रश्न प्रोसेसर (गिटारला इफेक्ट आणि अ‍ॅम्पसारखे आवाज देणारं यंत्र) घेतलेल्या प्रत्येक गिटारवाल्याला पडतो. मग दोन प्रकारचे सल्ले मिळतात. कोणी सांगतं, मागे चांगला अ‍ॅम्प ठेव आणि प्रोसेसर नुसता इफेक्टपुरता वापर. कोणी सांगतं, अ‍ॅम्पची भानगडच नको, सरळ लाइन, म्हणजे प्रोसेसरची वायर, मिक्सरला दे. सोलापुरात आणि आसपास मी दोन्ही पद्धतींनी वाजवलंय. ऑर्केस्ट्रा, लग्नाच्या सुपाऱ्या, गणपती, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांतले कार्यक्रम, सगळीकडे. खाली जे लिहितोय ते यंत्राने मोजलेलं नाही, कानाने ठरवलेलं आहे. तुमच्या कामाचं स्वरूप वेगळं असेल तर उत्तरही थोडं वेगळं येऊ शकेल.

प्रोसेसर कुठल्या कंपनीचा, हा विषय बाजूला ठेवतो. बॉसचा जीटी-१ असो, झूमचा छोटा मल्टी असो, हॉटोनचा अँपेरो असो की लाइन सिक्सचा हेलिक्स, स्टेजवरचा निम्मा आवाज त्याच्या पुढे काय जोडलंय त्यावर ठरतो. महागडा प्रोसेसर चुकीच्या ठिकाणी जोडलेला मी ऐकलाय आणि साधा प्रोसेसर नीट जोडलेलाही ऐकलाय. दुसराच जास्त आवडला.

आधी अ‍ॅम्पची बाजू मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. बारा इंची स्पीकर पाठीमागे असला की तार छेडताच आवाज पाठीला जाणवतो, आणि हात आपोआप मोकळा होतो. सोलोच्या शेवटी गिटार अ‍ॅम्पकडे वळवली की स्वर धरून राहतो. लाइनवर तेवढं सहज जमत नाही. रोलंडचा जेसी-१२० तर १९७५ पासून चालत आलाय. दोन बारा इंची स्पीकर, स्वच्छ आवाज, पुढे काहीही जोडा, तक्रार नाही. बॉसच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये आउटपुट निवडताना त्याच्या नावाचा वेगळा पर्याय मिळतो, यावरून त्याचा मान कळावा. हुतात्मा स्मृती मंदिरासारखं बंदिस्त सभागृह, शांत बसून ऐकणारा श्रोता आणि असा अ‍ॅम्प मिळाला, तर मी आजही नाही म्हणणार नाही.

पण माझा निर्णय फिरला तो टोनमुळे नाही. अ‍ॅम्प दर वेळी वेगळा असायचा, म्हणून.

स्वतःचा अ‍ॅम्प दुचाकीवर नेता येत नाही, आणि सुपारीत वाटणीला जे येतं त्यातून दर वेळी रिक्षाचं जाण्यायेण्याचं भाडं काढणं परवडत नाही. त्यामुळे अ‍ॅम्प साउंडवाल्याच्या सामानातून येतो. आदल्या दिवशी फोन केला की उत्तर ठरलेलं, "मालक, अ‍ॅम्प टाकलाय की गाडीत, टेन्शन घेऊ नका." कुठला टाकलाय ते टेम्पोचा फाळका उघडल्यावर कळतं. कधी गिटारचा असतो, कधी बेसचा. कधी ट्रेबलचा नॉब फिरवला की खरखर, कधी मागचा इफेक्ट रिटर्नचा जॅक ढिला, पिन दाबून धरली तरच आवाज येतो. अ‍ॅम्प बदलला की माझे सगळे पॅच (प्रोसेसरमध्ये साठवलेले टोन) बदलतात. एका अ‍ॅम्पवर भरदार वाटलेलं डिस्टॉर्शन दुसऱ्यावर बोदं होतं, क्लीन टोन एकावर गोड तर दुसऱ्यावर काचेसारखा. आता साउंड चेकला वेळ किती मिळतो ते आपल्याकडे वाजवणाऱ्यांना सांगायला नको. लग्नात हार घालून झाले की लगेच सुरू करा म्हणतात. मंडळाच्या स्टेजवर तर आधीचा कार्यक्रम संपून पाहुण्यांचा सत्कार चालू असतो, शाल आणि नारळ देऊन होईपर्यंत पिना लावून तयार राहायचं. तेवढ्यात आठ-दहा पॅचचा इक्यू (बेस, मिड, ट्रेबलचं प्रमाण) नव्याने लावणं कोणालाच शक्य नाही.

वर माइकचा त्रास वेगळाच. अ‍ॅम्प समोर पोहोचवायचा तर त्याच्यापुढे माइक हवा. स्टँड नेहमी एक कमी पडतो. मग गायकाचा एक माइक वायरीनेच अ‍ॅम्पच्या हँडलवरून खाली लोंबता सोडतात. स्पीकरच्या कोनाच्या मधोमध माइक असेल तर आवाज टोकदार येतो, कडेला सरकला की मऊ पडतो, दोन बोटांच्या फरकाने टोन बदलतो. लोंबता माइक तर वाऱ्यानेही फिरतो. अक्कलकोट रोडवरच्या एका कार्यालयात फोटो काढायला मंडळी स्टेजवर चढली, कोणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि माइकचं तोंड ऑक्टोपॅडवाल्याच्या मॉनिटरकडे (वादकाला स्टेजवर आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरकडे) झालं. मला मागून अ‍ॅम्प छान ऐकू येत होता, त्यामुळे काही कळायलाच मार्ग नव्हता. पुढे कोणाच्या तरी मोबाइलमधल्या व्हिडिओत ऐकलं तर अर्ध्या कार्यक्रमात गिटार नाहीच. असा प्रसंग पुन्हा येऊ शकतो, ही धास्ती मला वाजवताना नको होती.

थेट लाइन दिली की ही काळजी संपते. प्रोसेसरच्या आत अ‍ॅम्प आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी) दोन्हींची नक्कल असते, माइकचीसुद्धा. तो माइक कोणाच्या पायाने हलत नाही. घरी जो टोन लावला तोच मिक्सरच्या चॅनेलपर्यंत जातो. पुढे साउंड ऑपरेटरने काय करायचं ते त्याच्या हातात, पण सुरुवात तरी दर वेळी एकाच जागेवरून होते.

मात्र एक गोष्ट न तपासता लाइन देऊ नका, ती म्हणजे कॅबिनेट सिम्युलेशन, स्पीकरच्या पेटीची ती नक्कल. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं वाजवत नाही. मिक्सरनंतरचे टॉप (प्रेक्षकांकडे तोंड केलेले मोठे स्पीकर) मात्र त्याच्या कितीतरी वरपर्यंत वाजतात. त्यामुळे कॅबिनेट बंद ठेवून लाइन दिली तर डिस्टॉर्शन किरकिरा, कानात घुसणारा येतो. उलट कॅबिनेट चालू ठेवून गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये घातलं तर एका स्पीकरचा आवाज दुसऱ्या स्पीकरमधून जातो आणि टोनवर सोलापुरी चादर टाकल्यासारखं होतं. प्रोसेसर डब्बा आहे म्हणून विकायला काढणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची अडचण माझ्या मते इथेच असते. सगळ्या पॅचना एकदम लागू होणारं आउटपुट सेटिंग बहुतेक प्रोसेसरमध्ये असतं. ते आधी बघा, एकेक पॅच उघडत बसू नका.

लाइनचे स्वतःचे त्रासही आहेत. पहिला हमिंगचा. जनरेटरवरचा कार्यक्रम, कीबोर्डचा अ‍ॅडॉप्टर एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्यावर, आणि मध्ये आपली वायर. ५० हर्ट्झची घूं सुरू झाली की ढोलकीवालाही वळून बघतो. यावर उपाय डीआय बॉक्स, म्हणजे प्रोसेसर आणि मिक्सरच्या मध्ये लावायची छोटी डबी. त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं की बहुतेक वेळा घूं जाते. काही जण प्लगची अर्थची पिनच काढून टाकतात. तसं कधीही करू नका, एका हाताने तार आणि ओठाजवळ माइक असताना त्यात जीव जाऊ शकतो. डीआय स्वतःचा घ्या, साध्या ट्रान्सफॉर्मरचा पॅसिव्ह पुरतो. त्यामुळे ऑपरेटरने चॅनेलवर चुकून ४८ व्होल्टचा फँटम (माइकला वायरीतून दिली जाणारी वीज) चालू ठेवला तरी प्रोसेसर सुरक्षित राहतो.

दुसरा त्रास जास्त खोल आहे, आणि अ‍ॅम्पवाले इथे बरोबर बोलतात. लाइन दिल्यावर स्वतःला ऐकू काय येणार? समोरचा मॉनिटर गायकाचा असतो. त्यात गिटार वाढवायला सांगितली की गायक हात करून कमी करायला लावतो. आपलाच आवाज न ऐकता वाजवलं की माणूस जोरात पिक मारतो आणि सगळा बारकावा जातो. म्हणून नुसती लाइन हा पर्याय मी कोणाला सुचवत नाही. लाइन आणि स्वतःचा एक छोटा पॉवर्ड (आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेला) स्पीकर, ही जोडी सुचवतो. गिटारची कॉर्ड प्रोसेसरला, प्रोसेसर डीआयला, डीआयमधून एक वायर मिक्सरला आणि त्याच्याच थ्रू जॅकमधून दुसरी आपल्या स्पीकरला. स्पीकर अ‍ॅम्पसारखा मागे, जरासा तिरपा, कंबरेच्या उंचीच्या आसपास. दहा इंची असला तरी पुरतो, कारण त्याने फक्त मला ऐकवायचंय, मैदान भरायचं नाही. त्याचा आवाज मी वाढवला म्हणून मिक्सरला जाणारा आवाज हलत नाही. मला ही सोय सगळ्यात मोलाची वाटते. इनइअर (कानात घालायचे मॉनिटर) वापरणाऱ्यांनाही थेट लाइनच सोयीची, पण ऑर्केस्ट्रात सहकाऱ्यांकडे बघून, खुणा करून वाजवायचं असतं, कान बंद करून बसणं मला तरी जमलं नाही.

गणपतीत आणखी एक फरक दिसतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, सरकारने सवलत दिलेले मोजके दिवस सोडले तर. त्यामुळे दहा जवळ आले की पोलीस येतात आणि ऑपरेटर टॉपचा आवाज खाली आणतो. मागे अ‍ॅम्प असेल तर गायक खाली जातो आणि गिटार तेवढीच राहते, पुढच्या रांगांना फक्त ती ऐकू येते. लाइनवर असलो की सगळे एकत्र खाली येतात, गाणं मोडत नाही.

पॅच कसे लावायचे याला मी पद्धतीइतकंच महत्त्व देतो. कमी आवाजात आपल्या कानाला खालचे आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच याचे आलेख दिले होते. रात्री हळू आवाजात पॅच लावताना आपण नकळत बेस आणि ट्रेबल वाढवतो, मधला भाग खोल करतो. स्टेजच्या आवाजाला तोच पॅच खाली गदगदतो, वर टोचतो, आणि मधे जिथे गिटार ऐकू यायला हवी तिथे काहीच उरत नाही. तेव्हा पॅच मोठ्या आवाजातच लावा. घरात शक्य नसेल तर ओळखीच्या साउंडवाल्याकडे मोकळ्या दिवशी दुपारी जा, गोडाउनमध्ये एक टॉप लावून द्यायला तो सहसा नाही म्हणत नाही. खालचं साधारण १०० हर्ट्झच्या आसपास कापा, तिथे बेस आणि ढोलकी आहे. वरचं ६ ते ७ किलोहर्ट्झला कापा. मिड वाढवा, एकट्याने ऐकताना नाकातला वाटला तरी. रिव्हर्ब घरच्या निम्मा ठेवा, पत्र्याच्या मांडवात आणि फरशीच्या हॉलमध्ये तो आपोआप मिळतो. स्टिरिओचे चमत्कार विसरा, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मिक्सरवर एकच चॅनेल मिळतं आणि डावी-उजवीकडे उड्या मारणाऱ्या डिलेचा अर्धा भाग हरवतो. क्लीन, क्रंच आणि सोलो या तीन पॅचचे आवाज एकमेकांशी जुळवताना कानाबरोबर मिक्सरच्या मीटरवरही नजर ठेवा. डिस्टॉर्शन दाबलेलं असतं म्हणून मोठं भासतं, आणि क्लीनमधला एखादा जोराचा फटका मिक्सरचा लाल दिवा लावतो.

डिजिटल प्रोसेसरमधून आवाज उशिरा येतो ही तक्रार मी ऐकतो. प्रोसेसरमध्ये थोडा उशीर होतोच, पण तो सहसा काही मिलिसेकंदांचा. आवाजाला हवेतून एक मीटर यायलाच सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. अ‍ॅम्पपासून तीन पावलं पुढे उभं राहिलं तरी तेवढा उशीर होतो, तिथे कोणी तक्रार करत नाही. मला तरी तो हाताला जाणवलेला नाही.

वीज गेली तर मात्र अ‍ॅम्प सरस. लाइट आली की साधा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प लगेच बोलतो, काही मोठे प्रोसेसर सुरू व्हायला वेळ घेतात आणि मुखडा निघून जातो. जीटी-१ किंवा झूमचा जी१एक्स फोर यांसारखे पेन्सिल सेलवर चालणारे छोटे प्रोसेसर इथे कामाला येतात, लाइट गेली तरी पॅच जागेवर राहतो.

तर ज्याच्याकडे स्वतःचा चांगला अ‍ॅम्प आहे, न्यायला गाडी आहे, आणि जो बहुतेक वेळा लहान हॉलमध्ये स्वतःच्या बँडबरोबर ब्लूज-रॉक वाजवतो, त्याने अ‍ॅम्प सोडू नये असंच मी म्हणेन. अशाने प्रोसेसर अ‍ॅम्पच्या पुढच्या इनपुटऐवजी मागच्या इफेक्ट रिटर्नला लावून बघावा, कॅबिनेट बंद आणि प्रोसेसरमधला अ‍ॅम्प चालू ठेवून. अ‍ॅम्पचा स्वतःचा प्रीअ‍ॅम्प (टोन घडवणारा पहिला भाग) मधून निघतो आणि पॅच बराच प्रामाणिक राहतो. पण सुपाऱ्यांवर फिरणाऱ्या, सामान साउंडवाल्याकडून घेणाऱ्या गिटारवाल्याने अ‍ॅम्पसाठी साठवलेले पैसे डीआय आणि पॉवर्ड स्पीकरवर घालावेत. दोन्ही एकदम जमत नसेल तर आधी डीआय घ्या, स्पीकर येईपर्यंत गायकाच्या मॉनिटरच्या अगदी शेजारी उभे राहा, आणि जॅकच्या दोन चांगल्या वायरी जास्तीच्या ठेवा.