रोज तीन ओळी: ख्रिस्ती कृतज्ञतेच्या एका रोजनिशीबद्दल

गेल्या जानेवारीत मी ख्रिस्ती वाचकांसाठी काढलेली कृतज्ञतेची एक रोजनिशी घेतली आणि डिसेंबरचे शेवटचे पान लिहून होईपर्यंत तिच्याविषयी काहीच लिहायचे नाही असे ठरवले, कारण पहिल्या आठवड्यात कोणतीही वही आवडते. आता वर्ष पुरे झाले आहे, आणि त्या वर्षात तिची खरी कसोटीही लागून गेली आहे.

रचना साधी आहे. दर दिवसाला एक पान, माथ्यावर तारीख आणि शास्त्रवचन, त्याखाली आभाराच्या तीन ओळी आणि तळाशी प्रार्थनेसाठी चार बोटे मोकळी जागा. रविवारच्या पानावर तीन ओळींऐवजी एकच प्रश्न छापलेला आहे: ‘या आठवड्यात कोणाचे आभार मानायचे राहून गेले?’ बांधणी शिलाईची असल्यामुळे वही मेजावर सपाट उघडी राहते आणि वर्षभर रोज हाताळूनही तिचे एकही पान सुटलेले नाही. कागद मात्र पातळ आहे. शाईच्या पेनाने लिहिले की अक्षरे मागे उमटतात, म्हणून बॉलपेनच वापरावे.

पहिल्या पंधरवड्यातली माझी पाने वाचण्यासारखी नाहीत. आरोग्य, कुटुंब, नोकरी, पुन्हा कुटुंब, पुन्हा आरोग्य. हे मोठे शब्द संपल्यावर मात्र तीन ओळी भरण्यासाठी दिवसाकडे नीट पाहावे लागले, आणि तिथून वहीने आपले काम सुरू केले. फेब्रुवारीतल्या एका पानावर मी लिहिले आहे: ‘जिन्यातला बंद पडलेला दिवा कोणीतरी बदलला.’ त्याच जिन्यावरून मी कित्येक आठवडे अंधारात चाचपडत चढत होते. दिवा लागल्यावर तो कोणी लावला हे विचारायचे मला सुचले नव्हते. बायबलमधल्या १०३ व्या स्तोत्रात दावीद राजा आपल्या जिवालाच बजावतो की परमेश्वराचे उपकार विसरू नकोस, आणि असे बजावावे का लागते ते मला त्या पानावर कळले. येशूसंघाचा संस्थापक संत, लोयोलाचा इग्नेशियस, याने सोळाव्या शतकात आत्मपरीक्षणाची जी पाच पायऱ्यांची रीत घालून दिली, तिच्यात पापांचा शोध घेण्याआधी, अगदी पहिल्या पायरीला, मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार मानायचे असतात. हा क्रम किती विचारपूर्वक लावलेला आहे याचा अनुभव ही वही रोज देते.

प्रस्तावनेविषयी माझे मत इतके चांगले नाही. तिच्यात कृतज्ञतेने झोप सुधारते, मन शांत राहते, असे फायदेच फार सांगितले आहेत. ते खोटे आहेत असे माझे म्हणणे नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, दहा आठवडे दर आठवड्याला आभार मानण्याजोग्या गोष्टी लिहून काढणाऱ्या गटाला आपल्या एकंदर आयुष्याविषयी, कटकटींची नोंद करणाऱ्या गटापेक्षा अधिक बरे वाटत असल्याचे दिसले होते. पण अशी नोंद कोणाला उद्देशून न करताही करता येते, आणि ख्रिस्ती उपकारस्तुतीत समोर कोणीतरी असतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायात येशूकडे आलेले दहाही कुष्ठरोगी शुद्ध झाले, दहाही जणांना आनंद झालाच असणार. येशूने चौकशी केली ती परत न आलेल्या नऊ जणांची. मागे वळून त्याच्या पायांपाशी आलेला एकटा शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका, होता. प्रस्तावना लिहिणाऱ्यांनी या वळण्याला चार ओळी तरी द्यायला हव्या होत्या.

एप्रिलमध्ये आई रुग्णालयात होती आणि त्या काळातली ११ पाने कोरी आहेत. तारखा छापलेल्या असल्यामुळे ती पाने हजेरीपटावरच्या गैरहजेरीसारखी दिसतात, आणि आधीच खचलेल्या माणसाला हे नको असते. त्यातल्याच एका पानाच्या माथ्यावर ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ हे थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातले वचन होते, आणि ते वाचून मी वही मिटून ठेवली. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल ‘सर्व स्थितीत’ म्हणतो, सर्व स्थितीबद्दल म्हणत नाही. आईच्या आजाराबद्दल मी देवाचे आभार मानावेत असे तो मला सांगत नव्हता. हे समजायला मला बरेच दिवस लागले, आणि पानावर एका वाक्याची टीप असती तर ते त्याच दिवशी समजले असते. बाराव्या दिवशी मी एकच ओळ लिहिली: ‘रात्रपाळीच्या परिचारिकेने न सांगता आईची उशी उलटून थंड बाजू वर केली.’ उरलेल्या दोन ओळी मी मुद्दाम रिकाम्या सोडल्या.

वचनांच्या निवडीतला मोठा दोष त्या दिवसांत जाणवला. वर्षभराच्या वचनांत विलापाचे एकही स्तोत्र नाही. ‘किती वेळ?’ असे विचारत सुरू होऊन सहाच वचनांत उपकारांच्या गाण्यापर्यंत पोहोचणारे १३ वे स्तोत्र नाही, आणि अंधारातच संपणारे ८८ वे तर नाहीच. ज्या रात्री येशूला धरून देण्यात आले त्याच रात्री त्याने भाकर हाती घेऊन उपकारस्तुती केली. त्या भाकरीच्या आठवणीत चर्चमध्ये होणाऱ्या प्रभुभोजनाला ज्या ग्रीक शब्दावरून युखरिस्त म्हणतात, त्याचा अर्थच उपकारस्तुती असा आहे. इतके जवळचे उदाहरण असताना वहीने दुःखाला बाहेर का ठेवले, हे मला खरोखर कळत नाही.

रविवारच्या पानासाठी मात्र ही वही घ्यावी, असे मी मनापासून सांगेन. ऑगस्टमधल्या एका रविवारी तिथे मी माझ्या लहानपणीच्या संडे स्कूलच्या बाईंचे नाव लिहिले आणि नुसते लिहून ठेवणे बरे वाटेना म्हणून त्यांना भेटायला गेले. मोठ्याने प्रार्थना करताना मी अडखळले की त्या माझे वाक्य पुरे न करता थांबून राहत, एवढेच मला त्यांना सांगायचे होते. त्यांना ते आठवत नव्हते. त्यांनी माझा हात बराच वेळ हातात धरून ठेवला आणि मग म्हणाल्या, ‘चल, प्रार्थना करू या. आज तू सुरुवात कर.’

रोज लिहिण्याची सवय नसलेल्यांना आणि नव्याने विश्वासात आलेल्यांना तीन ओळींचे हे माप योग्य वाटेल. शोकात असलेल्या व्यक्तीला ही वही भेट देऊ नये. निदान तारखा काढून टाकलेली आणि विलापस्तोत्रांना जागा दिलेली आवृत्ती निघेपर्यंत तरी थांबावे. या वर्षासाठी मी हीच वही पुन्हा घेतली आहे. छापलेल्या तारखा पेन्सिलने खोडल्या आहेत आणि पहिल्या कोऱ्या पानावर १३ वे स्तोत्र स्वतःच्या हाताने उतरवून घेतले आहे.