सिंगापूरची पार्क सिस्टीम: बागा छानच, पण खरा माल बागांच्या मधे आहे

सिंगापूरला जाऊन आलेला माणूस हमखास गार्डन्स बाय द बेच्या त्या उंच लोखंडी झाडांचे रात्रीचे फोटो टाकतो. मीपण टाकलेत, त्यात काही गैर नाही. पण तेवढं बघून "या शहराची पार्कं काय भारी आहेत" असं म्हणणं म्हणजे रुखवत बघून घरचा रोजचा स्वयंपाक कसा असेल ते ठरवण्यासारखं झालं. तिथल्या थंडगार काचघरांना तिकीट आहे, गर्दी आहे, सगळं एकदम चकाचक आहे. हा रिव्ह्यू त्याचा नाहीये. हा आहे तिथल्या माणसाला रोज फुकट मिळणाऱ्या सर्व्हिसचा, म्हणजे अख्ख्या शहरभर पसरलेल्या पार्कांचा आणि मुख्य म्हणजे त्यांना जोडणाऱ्या वाटांचा.

या वाटांना तिथे पार्क कनेक्टर म्हणतात, आणि नॅशनल पार्क्स बोर्ड, ज्याला सगळे एनपार्क्स म्हणतात, ते हे सांभाळतं. नेटवर्क ३०० किलोमीटरच्या वर गेलंय. आता एवढ्याशा बेटावर, जिथे इंच इंच जमीन मोजून वापरतात, तिथे एवढी जागा आणली कुठून? तर उरलीसुरली गोळा केली! पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या कालव्यांच्या कडेला देखभालीसाठी पट्टा मोकळा ठेवावाच लागतो, मोठ्या रस्त्यांच्या बाजूला थोडी जागा राहते, मेट्रोच्या पुलाखाली तर नुसती सावली पडलेली असते जिचं कुणालाच काही करायचं नसतं. १९९०च्या दशकापासून त्यांनी हे असले सगळे तुकडे हुडकून त्यावर वाट, झाडं, दिवे, बाकं असं टाकत टाकत एकाला एक जोडत नेलं. २००७ मध्ये पूर्वेकडचा ४२ किलोमीटरचा पहिला मोठा लूप पूर्ण झाला आणि मग बाकीचे.

बागा जोडायची कल्पना त्यांची नाही हे खरं. अमेरिकेत बॉस्टनमध्ये बागांची आखणी करणाऱ्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडने १९व्या शतकातच एमराल्ड नेकलेस नावाची जोडलेल्या बागांची माळ उभी केली होती, तिकडेच मिनियापोलिसमध्ये तळी आणि नदी धरून ग्रँड राउंड्स नावाचा साधारण ८० किलोमीटरचा फेरा आहे. पण मिनियापोलिसने १८८३ मध्येच स्वतंत्र पार्क बोर्ड काढलं आणि शहर अंगावर यायच्या आधी तळ्याकाठच्या जमिनी ताब्यात घेतल्या. ज्यांची ती वेळ निघून गेली त्यांनी काय करायचं? त्यांनी सिंगापूर बघावं, कारण इथे शहर आधी दाटलं आणि वाटा नंतर आल्या.

वापरून कसं वाटतं ते सांगते. सायकल भाड्याने घेऊन निघालं की आधी बिल्डिंगांच्या मागून जाता, मग कालवा लागतो, मग पुलाखालचा टप्पा, मग अचानक पार्क सुरू होतं आणि आपण पार्कात शिरलो कधी हेच कळत नाही. गेट नाही, तिकीट नाही, वॉचमन शिट्टी मारत नाही. वाटेत बाया-बाप्ये ऑफिसला चाललेत, शाळेची पोरं चालली आहेत, एक आजोबा पक्ष्याचा पिंजरा घेऊन निवांत बसलेत. म्हणजे पार्कात "जायचं" म्हणून कुणी आलेलंच नाहीये, रोजची वाटच पार्कातून जाते. माझ्या मते हीच या सिस्टीमची सगळ्यात जमलेली गोष्ट आहे, एक भव्य बाग करून दाखवणं त्यामानाने सोपं, पैसे असले की होतं.

आता एकच जागा बघायची असेल तर बिशान-आंग मो किओ पार्क बघा. ६२ हेक्टरचं आहे. तिथून कलांग नदी जाते, पण आधी ती नदी नव्हतीच, सिमेंटचा सरळसोट २.७ किलोमीटरचा कालवा होता, कुंपणापलीकडचा. ते सिमेंट फोडून नदीला परत वळणं दिली, लांबी वाढून तीन किलोमीटरच्या पुढे गेली, आणि २०१२ मध्ये पार्क नव्याने उघडलं. काठ धरून ठेवायला भिंत नाही, झाडाझुडपांची मुळं आणि दगड, तेही आधी पार्कातल्याच एका छोट्या प्रवाहावर ट्रायल घेऊन मग केलं. फोडलेल्या सिमेंटचे तुकडेही वाया घालवले नाहीत, त्याची टेकडी केलीय, वर चढून बघा. कोरड्या दिवशी पोरं नदीतल्या दगडांवरून टणाटण उड्या मारत पलीकडे जातात, आया काठावर पाय सोडून बसतात. मोठा पाऊस आला की तोच गवताचा उतार पाण्याखाली जातो, पात्र शंभरेक मीटरपर्यंत रुंद होऊ शकतं, आणि त्याची सोय म्हणून पाण्याची पातळी मोजणारे सेन्सर, सायरन, दिवे लावलेत. म्हणजे लोकांना पाण्यापासून लांब ठेवायला जाळी ठोकण्यापेक्षा वेळेवर सांगायची व्यवस्था केली. हे मला फार आवडलं. जाळी ठोकणं कुणालाही जमतं. शिवाय पाणमांजरांची कुटुंबं शहरातल्या या पाण्यात राहायला लागलीत, नशीब असेल तर सकाळी दिसतात, आणि दिसली की पन्नास माणसं फोन काढून उभी.

बोटॅनिक गार्डन तर सगळ्यांना माहितीच आहे, १८५९ची, युनेस्कोच्या यादीत, पहाटे ५ ते रात्री १२ उघडी आणि फुकट, फक्त ऑर्किडच्या भागाला तिकीट. पाच डॉलरच्या नोटेवरचं टेंबुसूचं झाड तिथलंच. जा, छान आहे, जास्त लिहीत नाही.

सरकारचं टार्गेट आहे की २०३० पर्यंत प्रत्येक घरापासून चालत १० मिनिटांत पार्क असावं. असं टार्गेट बऱ्याच शहरांत असतं, पण मेख मोजण्यात असते. नकाशावर कंपासने वर्तुळ काढलं की सगळेच दहा मिनिटांत येतात, प्रत्यक्षात मधे हायवे नाहीतर रेल्वे लाइन असली की लागतो अर्धा तास. म्हणून अमेरिकेतली ट्रस्ट फॉर पब्लिक लँड ही संस्था शहरांना पार्कांसाठी मार्क देते तेव्हा चालता येण्याजोग्या रस्त्यानेच अंतर धरते. सिंगापूरला कनेक्टरचा फायदा इथे होतो, कारण दहा मिनिटांची वाटच सावलीची असेल तर माणूस निघतो तरी.

असेल तर म्हणतेय, कारण तक्रार नंबर एक तीच. कालव्याकाठचे कित्येक पट्टे अगदी उघडे आहेत, आणि विषुववृत्ताजवळचं दमट ऊन म्हणजे दुपारी जीव नकोसा होतो. जिथे जुने विलायती शिरीष छत्रीसारखे पसरलेत तिथे स्वर्ग, जिथे नवीन रोपं लावलीत तिथे दहा वर्षांनी या.

दुसरं म्हणजे वाट जोडलेली असली तरी मोठा रस्ता आला की तुटते. सिग्नलला थांबा, पलीकडे जा, पुन्हा वाट शोधा, पाट्या आहेत पण वळणावर मनात धाकधूक असतेच. शिवाय बऱ्याच ठिकाणी एकाच पट्ट्यावर चालणारे आणि सायकलवाले, वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटर. काठी टेकत चाललेल्या आजींच्या शेजारून २५ने सायकल गेली तर कायद्याने बरोबर असेल, पण आजींना कोण समजावणार!

आणि एक कुरकुर, जी सगळ्यांना पटेल असं नाही. सगळं फार भांग पाडल्यासारखं नीट आहे. गवत कापलेलं, पानं उचललेली, हे करू नका ते करू नका पाट्या जागोजाग. आणि एकीकडे हे लावलेलं हिरवं वाढतंय तर दुसरीकडे टेंगा नावाच्या भागातलं आपोआप वाढलेलं जंगल नव्या वसाहतीसाठी मोठ्या प्रमाणात साफ झालं. तिथे १०० मीटर रुंद फॉरेस्ट कॉरिडॉर, म्हणजे झाडांचा एक पट्टा, ठेवलाय म्हणा, पण कॉरिडॉर म्हणजे जंगल नव्हे. पार्कांचं कौतुक करताना हा हिशोब कुणी मांडत नाही.

देखभालीला मात्र पूर्ण मार्क. दिवे लागतात, बाकं मोडलेली नाहीत, मोठ्या पार्कात टॉयलेट स्वच्छ. ईस्ट कोस्ट पार्कला तर अंघोळीची पण सोय आहे. फीत सगळेच कापतात हो, दहाव्या वर्षी नळाला पाणी येतंय का ते बघायचं असतं.

पाचात साडेचार. अर्धा उन्हाचा आणि आजींचा कापला.

जाणार असाल तर उजाडताच निघा, तिथे सूर्यच सातच्या सुमारास उगवतो त्यामुळे फार लवकर उठायची भानगड नाही. कलांगच्या काठाने बिशानकडे जा, पाण्याची बाटली ठेवा, आणि पाणमांजरांना काही खायला घालू नका, वन्यप्राण्यांना खाऊ घातलं की दंड होतो.