शाळेच्या बसचा हेडलाइट लागेना: टेस्ट लॅम्प घ्यावा की मल्टीमीटर?

नवा बल्ब बसवूनही बसचा एक हेडलाइट लागत नसेल, तर पुढे अंदाजपंचे काम उपयोगाचं नाही, सप्लाय तपासावाच लागतो. त्यासाठी एकच वस्तू घ्यायची असेल, तर मी टेस्ट लॅम्प (एका टोकाला सुई, दुसरीकडे क्लिपची वायर आणि मध्ये छोटा बल्ब) घ्या म्हणेन. मल्टीमीटर जास्त सांगतो हे कबूल. पण बंद दिव्यावर तो नवख्याला हमखास चकवतो.

कसा, ते बघा. कपलर (बल्बच्या मागे बसणारा वायरींचा प्लग) काढून मीटर लावला, 12.4 व्होल्ट दिसले. सप्लाय आहे म्हणून कपलर परत बसवला, तर दिवा ढिम्म. मीटर स्वतः करंट जवळपास घेतच नाही. त्यामुळे वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एखादीच उरली असली किंवा पिनेवर हिरवा गंज चढला असला, तरी त्याला व्होल्टेज पूर्ण दिसतं. 55 वॉटच्या बल्बला मात्र 12 व्होल्टवर साडेचार अँपियरच्या आसपास करंट लागतो, तो तिथून जाणार कसा? टेस्ट लॅम्पमध्ये खरा छोटा बल्ब असतो. तो करंट ओढतो, म्हणून जोड फारच खराब असला की मिणमिणतो नाहीतर लागतच नाही. एलईडीचा टेस्टर मात्र नको, त्याची गत मीटरसारखीच.

अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी बाजू, तपासायलाही हाच सोपा. क्लिप बॅटरीच्या प्लसला लावायची आणि टोक कपलरच्या अर्थ पिनेला. लॅम्प लख्ख लागला तर अर्थ ठीक. पुढच्या भागात चिखल-पाणी सतत उडतं, त्यामुळे बल्बइतकाच संशय अर्थवर घ्यावा. फक्त तीन पिनांच्या बल्बची कॉमन पिन (दोन्ही झोतांना सामाईक असलेली) अर्थचीच असेल असं धरून चालू नका. काही गाड्यांत ती प्लस असते आणि स्विचिंग अर्थच्या बाजूने होतं.

फ्यूज तर न काढताच कळतो: क्लिप आता बॅटरीच्या मायनसला लावून त्याच्या माथ्यावरच्या दोन्ही उघड्या ठिपक्यांना टोक लावायचं. लाइट चालू असताना एकीकडे लॅम्प लागला आणि दुसरीकडे नाही, तर फ्यूज उडालाय.

मल्टीमीटर खरा कामाला येतो तो दिवा लागतो पण मंद लागतो तेव्हा. व्होल्टेज 10 टक्के घटलं की हॅलोजनचा उजेड 30 टक्क्यांच्या आसपास घटतो, आणि एवढा फरक टेस्ट लॅम्पकडे बघून कळत नाही. कपलर जागेवर ठेवा, दिवा चालू करा. मीटरची एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी कपलरच्या मागून बल्बच्या प्लस पिनेला. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा आला तर चालेल. दीड व्होल्ट दिसला तर वाटेत रिले (स्विचच्या इशाऱ्यावर दिव्याचा करंट जोडणारा भाग), स्विच किंवा एखादा जोड व्होल्टेज खातोय. एकेक जोड मागे सरकत मोजलं की नेमका कोणता, ते सापडतं. अर्थची बाजू बॅटरीच्या मायनसपासून अशीच मोजायची. मीटरची लाल वायर अँपियरच्या भोकात राहिलेली नाही ना, तेवढं आधी बघा, नाहीतर मीटरचाच फ्यूज उडेल.

दोन्ही डिपर (खाली पडणारे जवळचे झोत) एकदम गेले असतील तर आधी रिले आणि स्विच बघा. बऱ्याचदा एक बल्ब आधीच उडालेला असतो आणि दुसरा गेल्यावरच कुणाचं लक्ष जातं, तेही ध्यानात ठेवा.

एका बसची देखभाल असेल तर टेस्ट लॅम्प पुरतो, चार-पाच बस सांभाळणाऱ्याने दोन्ही ठेवावेत. मोठ्या बस बहुधा 24 व्होल्टच्या असतात, तेव्हा लॅम्प 24 व्होल्टला चालणारा घ्या. त्याची सुई वायरीच्या कव्हरमधून आरपार खुपसू नका, त्या भोकातून पाणी शिरून वायर आतून कुजते. लाइट कंप्युटरवरून चालत असतील तर टेस्ट लॅम्प बाजूला ठेवा, तिथे सर्किट डायग्राम आणि मीटर हवा. झेनॉनचे दिवे असतील, तर बल्बकडच्या वायरींना दोन्हींपैकी काहीच लावायचं नाही. ते पेटताना हजारो व्होल्ट येतात.